शिवेबाहेरचं बाळंतपण

तन्मयला वजनकाट्याला टांगलेल्या चड्डीत बसवलं तेव्हा तो हसला आणि त्याच्याबरोबर सगळा मंडप हसला. देसकर साहेबांनी स्वतः वाकून आकडा वाचला, माइकवर सांगितला, आणि टाळ्या पडल्या. माझी धाकटी जाऊ ज्योत्स्ना पदराचं टोक तोंडाशी धरून लाजत उभी होती. तिच्या मुलाचा पहिला नंबर आला होता, हे पुढच्या लेकरांचं वजन व्हायच्या आधीच सगळ्यांना कळलं होतं.

आमच्या सावळझरी गावाच्या शाळेत कंपनीने सुदृढ बालक स्पर्धा ठेवली होती, त्या दिवशीची ही गोष्ट. देसकर साहेब कंपनीचे माणूस. गावात लग्न असो की मयत, ते हजर असत. सगळ्यांची नावं त्यांना पाठ होती. कधी आवाज चढवून बोलले नाहीत.

मी मागे, पाण्याच्या ड्रमजवळ उभी होते. माझी समीक्षा, आमची समू, टॉवेलात गुंडाळून छातीशी धरली होती. सकाळी सासूबाईंनी बजावलं होतं, "तिले नको नेऊ. गावापुढं कायले दाखवतं?" मलाही न्यायचं नव्हतं. पण मुलं कमी पडली. कंपनीची बाई घरोघरी फिरून सांगत होती, नंबर आला नाही तरी चालेल, पण लेकरं दिसली पाहिजेत. दुसऱ्या गावांतूनही जीप भरून तिने लेकुरवाळ्या आणल्या होत्या.

समूला काट्यात बसवलं. काटा जरासा हलला आणि थांबला. वजन करणाऱ्या माणसाला वाटलं अडकला, म्हणून त्याने तबकडीवर बोटाने टिचकी मारली. मागे कुणीतरी हसलं. देसकर साहेबांनी माइकवर हात ठेवला आणि आकडा न सांगताच मला म्हणाले, "घ्या ताई. गारठ्यात नका ठेवू तिला."

समू तन्मयपेक्षा महिनाभराने मोठी होती.

दगड आणि कोळसा भाजून लोखंड करणारी ती कंपनी. आमचं शेत तिच्या भिंतीला लागून. दिवसा चिमणीतून पांढरट धूर निघायचा आणि दिवेलागण झाली की काळा. धूर धरून ठेवायचं यंत्र आहे म्हणे, पण त्याला वीज फार लागते म्हणून अंधार पडला की बंद करतात, असं तिथे कामाला जाणारी पोरंच सांगत. सकाळी अंगण झाडलं की काळी भुकटी निघायची. वेचलेला कापूस राखाडी दिसायचा. पोटात समू असताना मी तोच कापूस वेचत होते. तिच्या आधीचं एक सातव्या महिन्यात आलं आणि रडलंच नाही. समू आठव्यात आली, रडली, पण मांजराच्या पिलासारखी.

ज्योत्स्नाला तन्मयच्या वेळी तिसऱ्या महिन्यात थोडं अंगावर गेलं. डॉक्टरने झोपून राहायला सांगितलं, तसा तिचा बाप गाडी करून आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. दूर डोंगराकडचं गाव. ती थेट चार महिन्यांचा गुबगुबीत तन्मय घेऊनच परत आली. माझी आई लग्नाआधीच गेली होती. भावजय मला बोलावणाऱ्यातली नव्हती. मी कुठे जाणार?

एक सांगायलाच हवं. समू पाच महिन्यांची होत आली तेव्हा मला ताप भरला आणि माझं दूध आटलं. ज्योत्स्ना माहेराहून आली त्या दिवशी तिने समूला माझ्या मांडीवरून उचललं आणि पदराखाली घेतलं. समूला ओढायची ताकद नव्हती. ज्योत्स्ना थेंब थेंब पिळून तिच्या ओठांत सोडायची, तन्मय रडत असला तरी. कुणी तिला सांगितलं नव्हतं. सख्ख्या बहिणीने केलं नसतं एवढं तिने केलं.

स्पर्धेनंतर समूला कफ झाला म्हणून तालुक्याला नेलं. तिथल्या डॉक्टरीणबाईंनी गावाचं नाव विचारलं आणि ऐकून पेन खाली ठेवला.

"तुमच्या गावची बाळं माझ्याकडे अशीच येतात," त्या म्हणाल्या. "पोटुशी बाई जो धूर घेते ना, तो बाळालाही बाधतो. वेळेआधी होतात, लहान होतात, छातीने कमजोर राहतात. हिला तिथून लांब ठेवा."

"कुठं ठेवू?" मी विचारलं.

त्यांनी औषध लिहून दिलं.

पुढच्या महिन्यात जनसुनावणी होती. कंपनीला दुसरी भट्टी उभारायची होती, आणि त्याआधी सरकारी साहेब गावात येऊन लोकांचं म्हणणं ऐकणार होते. मी घरात सांगितलं की मी बोलणार. समूचे बाबा म्हणाले, "बोल. मी समूले धरतो."

माझा दीर प्रफुल, ज्योत्स्नाचा नवरा, जेवता जेवता थांबला. "वैनी, दुसऱ्या भट्टीवर माही नोकरी पक्की होऊन राहिली. तुमी नका बोलू."

"तुमचं नाव नाही घेत, भाऊजी. मी माह्या पोटाचं सांगते."

सासूबाई म्हणाल्या, "पोटाचं चारचौघात सांगतात का?"

सुनावणीच्या मंडपात पुढच्या सगळ्या खुर्च्या कंपनीच्या कामगारांनी भरल्या होत्या. एकसारख्या टोप्या, प्रत्येकाच्या हातात फराळाचं पाकीट. गावातल्या बायांनी मला शब्द दिला होता की आम्हीही उठू. एकेकीकडे पाहिलं तर एकेक जण खाली बघत होती. माझं नाव पुकारलं. माइक धरला, आणि बोलायला लागल्यावर शब्द येत गेले. न रडलेल्या लेकराचं सांगितलं. समूचं सांगितलं. डॉक्टरीणबाई काय म्हणाल्या ते सांगितलं. सरकारी साहेब खरंच ऐकत होते. मला वाटलं, झालं.

मग देसकर साहेब उठले. हात जोडून म्हणाले, "ताईंचं दुःख मोठं आहे. मला फक्त दोन गोष्टी विचारू द्या. ताई, तुमच्या घरात लहान मुलं किती?"

"दोन."

"दुसरं कुणाचं?"

"माह्या जावेचं."

त्यांनी खूण केली. दोन पोरांनी मंचाच्या मागून एक मोठा फोटो आणून ठेवला. हातात स्पर्धेच्या बक्षिसाची चांदीची वाटी धरलेला तन्मय. माझ्यापेक्षा उंच होता तो फोटो.

"हेच ना बाळ? एकच घर. एकच चूल. हवासुद्धा एकच," देसकर साहेब शांतपणे म्हणाले. "मग धुराने एका बाळाला तसं केलं आणि दुसऱ्याला असं कसं? ताई, रागावू नका, पण गरोदरपणात तुम्ही जेवत काय होता?"

खुर्च्यांतून हसू फुटलं.

"तो इथं पोटात नव्हता," मी म्हणाले. "ज्योत्स्ना माहेरी होती. तिसऱ्या महिन्यापासून माहेरी होती. तिलेच इचारा."

"विचारू ना," ते म्हणाले.

ज्योत्स्ना पुढच्याच रांगेत होती. नवं लुगडं नेसलेली, मांडीवर तन्मय. तिच्या एका बाजूला प्रफुल आणि दुसऱ्या बाजूला सासूबाई. तिच्यापुढे माइक धरला गेला.

"ताई, बाळाच्या वेळी तुम्ही कुठे होता?"

तिने माझ्याकडे पाहिलं. मग प्रफुलकडे पाहिलं. तो समोर बघत होता.

"इथंच," ती म्हणाली.

तेवढ्यावर ती थांबली असती तरी चाललं असतं. पण प्रफुलने कोपर लावलं असावं, कारण तिने मान खाली घालून पाठ केल्यासारखं पुढे म्हटलं, "जाऊबाई जेवत नव्हत्या. सांगतलं तरी जेवत नव्हत्या."

"तिची कूसच तशी हाय," सासूबाई बसल्या जागेवरून म्हणाल्या. माइक नव्हता, तरी सगळ्यांना ऐकू गेलं.

गावातल्या प्रत्येक माणसाला माहीत होतं ज्योत्स्ना कुठे होती ते. तिला न्यायला आलेली गाडी शाळेसमोर चिखलात फसली तेव्हा ढकलायला निम्मं गाव आलं होतं. त्यातला एकही माणूस उठला नाही. मी माइक खाली ठेवला.

घरी आल्यावर समू भुकेने रडत होती. दिवस कलला होता, तिची दुधाची वेळ झाली होती. ज्योत्स्ना रोजच्यासारखी दाराशी आली. आत आली नाही. उंबऱ्यापाशी उभी राहून तिने हात पुढे केले.

मी समूला घट्ट धरलं. समू रडत होती. घरात तिच्यापुरतं दुसरं काही नव्हतं, वरचं दूध तिला पचत नसे. तिचं रडणं बारीक होत गेलं तेव्हा मी तिला ज्योत्स्नाच्या हातात दिली.

ज्योत्स्ना भिंतीकडे तोंड करून बसली. जरा वेळाने म्हणाली, "जाऊबाई, त्याहिची नोकरी..."

"पाज तिले," मी म्हणाले.

दुसरी भट्टी मंजूर झाली. तिचा पाया खोदत होते त्या थंडीत समू गेली. छाती भरली आणि दोन दिवसांत गेली. एवढ्या लहान लेकराला जाळत नाहीत. समूच्या बाबांनी तिला गावाच्या शिवेवर, नाल्याच्या काठी पुरलं. बायांनी जायचं नसतं, तरी मी गेले. परत फिरताना तिथली मूठभर माती उचलून पदराला बांधली. एवढंच मी केलं. तोंडाने काही बोलले नाही, कुणाकडे पाहिलं नाही.

प्रफुलची नोकरी पक्की झाली. पुढच्या साली ज्योत्स्नाला पुन्हा दिवस गेले आणि तिने माहेरी जाते म्हटलं. प्रफुल तिला काय म्हणाला ते मी मधल्या भिंतीपलीकडून ऐकलं.

"साऱ्या गावापुढं सांगितलं न तू, इथंच होती म्हणून? आता माहेरी गेली तं देसकर साहेब काय म्हणतीन? माह्या नोकरीचं काय?"

मी सासूबाईंना गाठलं. "आई, तिले धाडा. मागचं जाऊ द्या. पण तिले धाडा."

त्यांनी मला आपादमस्तक न्याहाळलं. "तुही गेली म्हणून दुसऱ्याचं सलून राहिलं का तुले?"

ज्योत्स्ना राहिली. दुसरी भट्टी पेटली होती. सातव्या महिन्यात मुलगा झाला आणि संध्याकाळपर्यंत जगला. आतून हुंदके ऐकू येत होते, मी उठून तिच्या दारापर्यंत गेले, तर सासूबाईंनी दार लावून घेतलं.

बाराव्या दिवशी सासूबाई गल्लीत उभ्या राहून मोठ्याने बोलल्या. वनमालेने समूच्या खड्ड्यावरची माती उचलली, शिवेवर उभं राहून शाप दिला, हा तिचाच तळतळाट. वनमाला म्हणजे मी. आधी कुणी काही म्हणालं नाही. मग एकीने सांगितलं की तिने मला माती उचलताना पाहिलं होतं. दुसरीने सांगितलं की माझे ओठ हलत होते. महिन्याभरात सगळ्या गावाने माझा शाप शब्दन् शब्द ऐकलेला होता. हळदीकुंकवाचं बोलावणं थांबलं. कापूस वेचायला बाया माझ्या ओळीत उभ्या राहीनात. समूच्या बाबांनी अंगणातून मातीची भिंत घातली आणि आम्ही वेगळे झालो.

मला राग याचा येत नव्हता. राग याचा येत होता की आधी माझी लेकरं गेली, मग ज्योत्स्नाचं गेलं, आणि दोन्ही वेळा गावाने एका बाईकडे बोट दाखवलं. पहिल्या वेळी माझ्या कुशीकडे. दुसऱ्या वेळी माझ्या जिभेकडे. चिमणीकडे एकानेही मान वर केली नाही.

उन्हाळ्यात एका दुपारी गोठ्याच्या बाजूने ज्योत्स्ना आली. उतरलेलं तोंड, हातात नारळ आणि खण. माझ्यापुढे तिने ते ठेवलं आणि माझ्या पायांवर डोकं टेकलं.

"मागं घ्या, जाऊबाई."

"काय मागं घेऊ?"

"तुमचा तळतळाट. मले पुन्हा दिवस राहिले. मी खोटं बोलली, मले मान्य हाय. माह्या लेकराले नका लागू देऊ."

मी तिला धरून उठवलं. "ज्योत्स्ना, मी तुले कधी शाप देला नाही. तुह्या दुधावर माही पोरगी जगली तेवढे दिवस. मी तुले शाप देईन? वर पाह्य. ती चिमणी दिसते? त्या डॉक्टरीणबाई म्हणाल्या..."

तिने वर पाहिलं आणि लगेच खाली पाहिलं. "चिमणी तं साऱ्यांच्याच डोक्यावर हाय. पलीकडच्या मंगलेचं लेकरू जगलं न? माहंच काहून मेलं?"

मी पुन्हा सगळं सांगितलं. धूर, पोटातलं लेकरू, तन्मयच्या वेळचं तिचं माहेर. ती ऐकत होती, पण सावकार उधार न द्यायची कारणं सांगतो तेव्हा मागणारा ऐकतो तशी. माझं बोलणं संपल्यावर तिने डोळे पुसले.

"म्हणजे तुमी मागं नाही घेत."

ती उठली, नारळ तसाच ठेवून गोठ्याकडे वळली. तिच्या चालीवरून दिसत होतं की आता ती घरी जाईल, अंथरुणावर पडेल, आणि सातव्या महिन्याची वाट बघेल. खरं होतं तेवढं मी सांगून पाहिलं होतं. माइकवरून सांगितलं होतं, आणि आता तिचा हात हातात घेऊनही.

"थांब," मी म्हणाले.

ती थांबली.

"घेते मागं. पण पुरता नाही येत तो. मी शिवेवरची माती उचलली होती, त्याच्यानं शिवेच्या आत तो राहतेच. मी घेतला तरी राहते." माझा आवाज मलाच ओळखू येत नव्हता. "तू शिवेबाहेर जाय. माहेरी जाय. लेकरू पोटात हाय तोवर अन् जन्मून पायावर उभं राहते तोवर इकडं पाऊल टाकायचं नाही. एक रात जरी शिवेच्या आत काढली, तर मग माह्याकडं येऊ नको."

तिच्या चेहऱ्यावर पहिल्यांदा थोडं रक्त आलं. "त्याहिले काय सांगू?"

"वनमालेनं असं सांगितलं म्हणून सांग. आईलेही सांग."

ज्या प्रफुलला धुराचं बोललं की नोकरी आठवायची, त्याने दुसऱ्या दिवशी सकाळीच मोटरसायकल काढली. सासूबाईंनी स्वतः तिची पिशवी भरली. गल्लीतून जाताना ज्योत्स्नाने माझ्या दाराकडे तोंड फिरवून नमस्कार केला, देवळापुढून जाताना करतात तसा.

त्या दिवशी समूच्या बाबांनी भाकर अर्धीच खाल्ली. "आता लोक तुले जगू देणार नाही," ते म्हणाले.

"पहिले कुठं देत होते?"

ज्योत्स्नाला मुलगी झाली. भरल्या महिन्यांची, भरल्या वजनाची. ती चालायला लागल्यावरच ज्योत्स्ना तिला घेऊन परत आली. सासूबाई माझ्या उंबऱ्याशी नारळ फोडून गेल्या, वर न बघता. गावाला पुरावा मिळाला. शाप होताच, म्हणून तर शिवेबाहेर गेल्यावर लेकरू वाचलं.

मग इतर घरांनी धडा घेतला. सुनेची पाळी चुकली की तिला माहेरी धाडायला लागले. माहेर नसेल तर मावशीकडे, नणंदेकडे. कुणी कुरकुर केली तर मी तिच्या घरापुढून दोनदा चक्कर मारायची. तेवढं पुरायचं. समूचे बाबा माझ्याबरोबर बाजारालाही येईनासे झाले. मला पुन्हा मूल झालं नाही. झालं असतं तर त्याच्याबरोबर खेळायला कुणी आपलं लेकरू पाठवलं नसतं.

ज्योत्स्ना शेजारीच राहते. तिच्या मुलीच्या वेळी शाप मागे घेतला म्हणून ती माझे उपकार मानते, आणि मुलाच्या वेळी तो लावला म्हणून तिने मला आजवर माफ केलेलं नाही. मी ते दोन्ही राहू दिलं आहे.

तिसऱ्या भट्टीची सुनावणी झाली तेव्हा देसकर साहेबांचे केस पिकले होते. माइकवर त्यांनी सांगितलं, कंपनीने गावासाठी जे काही केलं त्याचं फळ समोर आहे, सावळझरीच्या बाळांची वजनं तालुक्यात सगळ्यात चांगली आहेत. खोटं नव्हतं ते. टाळ्या पडल्या. सरकारी साहेबांनी विचारलं, कुणाला काही बोलायचं आहे का. पुढच्या काही खुर्च्या मागे वळून माझ्याकडे बघायला लागल्या.

मी उठले असते तर काय म्हणाले असते? शाप खोटा आहे, धूर खरा आहे. मग दुसऱ्याच दिवशी सुना माहेराहून परत आल्या असत्या. मी बसून राहिले.

मंडपातून घरी येताना नाल्याच्या वाटेवर एक म्हातारी आणि तिची सून समोरून आली. सून नवीन होती, मला ओळखत नव्हती. सासूने तिच्या कानाशी काहीतरी सांगितलं, तशी ती वाट सोडून काट्यांत उतरली आणि पदर ओढून तिने पोट झाकलं. तीन-चार महिने झाले असावेत.

मी थांबले. "ही अजून गावातच हाय?"

म्हातारीचे हात जोडले गेले. "उद्या जाते, बाई. तिचा भाऊ येऊन राहिला. उद्या धाडतो."

"आज धाडा," मी म्हणाले, आणि पुढे निघाले.